पहिल्या पायरीची कामं

मिस्त्री : बरं, एअर फिल्टर साफ करणं?

ऑपरेटर : नाही जमत.

मिस्त्री : फिल्टर साफ करणं जमत नाही तुला?

ऑपरेटर : तुमच्या नावावर घाला ना, मिस्त्री. आजवर तुम्हीच करत आलात.

मिस्त्री : पट्टा ताणणं?

ऑपरेटर : तुम्हीच.

मिस्त्री : अँटेना फिरवणारी मोटर उघडून बेअरिंगला ग्रीस भरणं?

ऑपरेटर : ते तर नकोच. मी तिला हातही लावत नाही.

मिस्त्री : मग या टेकडीवर रडारपाशी बसून करतोस काय? माशा मारतोस?

ऑपरेटर : पडद्याकडे बघतो. त्याचाच पगार आहे मला.

मिस्त्री : हे बघ, वरच्या ऑफिसानं हा कामवाटपाचा तक्ता कशाला मागितलाय, ते पुन्हा सांगतो. पायऱ्या तीन. पहिली, यंत्र चालवणारा, म्हणजे तू. दुसरी, फिरतं वर्कशॉप, म्हणजे मी. तिसरी, शहरातलं मोठं वर्कशॉप. खालच्याला जे काम येतं, त्यासाठी वरच्यानं यायचं नाही. आणि ज्याच्या नावावर जे काम नाही, त्यानं त्यातला एक स्क्रूसुद्धा सैल करायचा नाही.

ऑपरेटर : म्हणजे माझ्या नावावर कामं कमी, तर तुमच्या फेऱ्या जास्त.

मिस्त्री : सरळ हिशेब आहे.

ऑपरेटर : मग लिहा की सगळं तुमच्या नावावर.

मिस्त्री : ही चढण चढताना माझे गुडघे देवाचं नाव घेतात रे.

ऑपरेटर : वर आल्यावर चहा देतो ना मी.

मिस्त्री : चहाचं राहू दे. मघाशी मी मोटरचं झाकण काढलं. आतलं ग्रीस निळं आहे. माझ्या डब्यातलं पिवळं असतं.

ऑपरेटर : जुनं असेल.

मिस्त्री : जुनं काळं पडतं. हे अगदी ताजं आहे. आणि बेअरिंग बसवलंयही झकास. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

ऑपरेटर : मोटर घरघरत होती. थांबली असती.

मिस्त्री : मग केलंस ते बरंच केलंस. पण ती नीट झाल्यावर मला निरोप का धाडलास, मोटर आवाज करते म्हणून?

ऑपरेटर : तुम्ही यावं म्हणून.

मिस्त्री : अरे, जोडीदार आहे ना तुला इथं?

ऑपरेटर : आहे की. तो जागा असतो तेव्हा मी झोपतो, मी जागा असतो तेव्हा तो. आताही आत झोपलाय. त्याचं घोरणं मला पाठ आहे, त्याचा बोलण्याचा आवाज आठवत नाही. घरी फोन केला की लेक म्हणते, थांबा, आईला देते. आई म्हणते, गॅसवर काहीतरी आहे, नंतर करा. तुम्ही येता, मला शिव्या घालता, गुडघ्यांचं रडगाणं गाता, मग पुढचे दोन दिवस बरे जातात. फार एकटं वाटतं हो इथं.

मिस्त्री : आधी सांगायचं नाही का?

ऑपरेटर : काय सांगू? बेअरिंग ठीक आहे, मी ठीक नाही, असा निरोप कुठल्या पायरीला धाडायचा?

मिस्त्री : तसली पायरी नाही काढलेली त्यांनी. पण ऐक. रस्ता खचला की मला इथं पोचायला आठवडा जातो. तेव्हा मोटर अडली आणि काम माझ्या नावावर असलं, तर काय करशील?

ऑपरेटर : गुपचूप उघडीन. यावेळी उघडली तशी.

मिस्त्री : आता झाकणांना सील लागणार. तोडलंस तर नोकरी गेली. नाही तोडलंस, तर खालच्या चौकीतली माणसं तुझ्या भरवशावर झोपलेली.

ऑपरेटर : माहीत आहे मला.

मिस्त्री : मी जबरदस्ती करत नाही. तू ‘मला जमत नाही’ म्हण, मी ते काम माझ्या नावावर घेतो. गुडघे गेले खड्ड्यात. मला तरी घरी कोण विचारतंय?

ऑपरेटर : असं बोलू नका. मग मला अजून अवघड जातं.

मिस्त्री : बरं, गप्प बसतो. तू बोल.

ऑपरेटर : फिल्टर येतो मला. पट्टाही येतो.

मिस्त्री : आणि बेअरिंग?

ऑपरेटर : लिहा. पहिली पायरी.

मिस्त्री : मग मी नेहमी नाही यायचो रे. मोठा बिघाड झाला तरच.

ऑपरेटर : तुमचं बघून शिकलोय. मोठा बिघाड मी होऊ देणार नाही.

मिस्त्री : हं. पण नुसतं लिहून भागत नाही. जे काम तुझ्या नावावर जातं, ते माझ्यासमोर एकदा करून दाखवायचं. मग मी सही करायची.

ऑपरेटर : आत्ता?

मिस्त्री : आत्ता. आज दिवसभर यंत्र बंद ठेवायची परवानगी घेऊन आलोय.

ऑपरेटर : हात चालवला तर जेवणाच्या आत होईल सगळं.

मिस्त्री : आणि सावकाश केलंस तर?

ऑपरेटर : अंधार पडेल.

मिस्त्री : तू पेटीतले पाने काढ. मी खाली चढणीपाशी थांबलेल्या गाडीवाल्याला हाक मारून सांगतो, इंजिन बंद कर म्हणून.