फुगवट्याच्या काठचा गाळ

भरा ना तपासणीची बाटली, मॅडम, कोण अडवतंय — पण तिथून नका घेऊ, तिथं पाणकोंबडी बसलीय अंड्यांवर. इकडून घ्या. हां. मीच टाकायला लावला हा गाळ, लिहा तसं, सिंधुबाई लिहा. निफाडच्या रस्त्याखालून गॅसचा पाइप टाकत होते ना — मशीन खाली भोक पाडतं अन् त्यातनं हा पिठल्यासारखा गाळ वर येतो. टँकरवाला म्हणे, लांब नेऊन फेकायचाय. म्हटलं, फेकतो कशाला, आमच्या काठाला टाक. काठ तरी कुठं उरला होता? वीटभट्टीवाल्यांनी माती उकरून नेली, बंधाऱ्यानं तुंबलेला नदीचा फुगवटा थेट माझ्या कोथिंबिरीत. लव्हाळा गेला, पाखरं गेली — तेव्हा आलं का तुमच्या प्रदूषणाच्या ऑफिसातलं कोणी? नाय ना. अन् आता कोणी अर्ज दिला, बाईनं पाण्यात विष कालवलं, की लगेच गाडी. सगळा गाळ उचलायला लावणार म्हणे. लावा की. आधी ह्या गाळावर परत उगवलेला लव्हाळा उपटून दाखवा, मुळं कशी धरलीत बघा त्यानं.

तपासला नाय असं कसं म्हणता? कागद नाय माझ्याकडं, पण एक पावसाळा नुसता धुऊ दिला, मग वरच्या कोरड्या अंगाला वाफा करून मेथी टाकली. उगवली नाय. परत टाकली — उगवली, पिवळी पडली. तिसऱ्या खेपेला हिरवीगार. अन् नुसती उगवून काय होतंय, खाऊन बघायला नको? मी खाल्ली. वर्षभर. बाजाराला एक जुडी नेली नाय, देवाशपथ. घरात सांगितलं नाय कोणाला, वेगळ्या कढईत करायची, म्हणायचं मला बिनतिखटाचं पथ्य हाय. बघा, धडधाकट उभी हाय तुमच्यासमोर. माझ्या जिवावर तपासलाय, दुसऱ्याच्या नाय.

दुसरं कोण खाणार? कोणीच नाय, सांगितलं ना — म्हणजे योगिनी, आमची सून, तिला डोहाळे लागले तेव्हा माझ्याच कढईतलं मागायची. तेवढंच टिकायचं तिच्या पोटात. पोटुशी बाई मागतीय, नाय कसं म्हणायचं? द्यायची मी. घासभर. रोज नाय — आता रोजच म्हणा. सातवा सरलाय तिला. असं काय बघता? मला काय झालं नाय तर तिला काय होणार हाय?

थांबा, त्या वाफ्यातला पण घ्या. मेथीच्या मुळाखालचा. घ्या म्हणते ना. अन् रिपोर्ट आला की मला सांगा, मला एकटीला — घरी फोन नका करू. निघा आता.