पटावरची एकच

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीची वाट पाहताना परक्यांच्या बोलण्यात स्वतःचे मौन विसरण्याची प्रभूला सवय होती. त्या दुपारी मागच्या बाकावर एका खेड्यातल्या शाळेचे गुरुजी आणि त्यांच्या विद्यार्थिनीची, महेश्वरीची, आई गौरम्मा बसले होते.

"गौरम्मा, महेश्वरीचा दाखला काढू नका. तेवढी एकच पोरगी उरलीय पटावर."

"म्हणूनच काढते की, सर. हितं सोलापुरात मामाकडं ठेवते."

"तिचं शिकायचं काही अडतंय का? दिवसभर मी तिलाच शिकवतो."

"लई जीव लावता, न्हाय कोण म्हणतंय? पर परिपाठाला सावधान म्हणणारी तीच, आन सावधान उभी राहणारीबी तीच!"

"जूनच्या आधी घरोघरी फिरून आणखी पोरं आणतो."

"कुटनं आणता? समदी इंग्लिश शाळेच्या पिवळ्या गाडीत बसत्यात."

"ती गेली तर शाळेला कुलूप लागेल."

"ठावं हाय, सर. मीबी तितंच शिकले."

"मग?"

"परवा घरी येऊन म्हणती, आई, सर माज्याशी कदीच भांडत न्हाईत."

गाडी लागली, तरी प्रभू मान न वळवता बसून राहिला.

"नव्या शाळेत एका वर्गात किती पोरं आहेत?"

"साठ हायत म्हणं."

"उद्या या, दाखला तयार ठेवतो. आणि तिथल्या बाईंना सांगा, सुरुवातीला तिला दाराजवळ बसवा. एवढ्या आवाजाची सवय नाही तिला."