सरकारी डुकराची तपासणी

उमरेडच्या बसच्या रांगेत बाबनरावांच्या पुढे दोन बाया उभ्या होत्या. भागरथा विचारी, गोदूबाई सांगे, आणि बाबनराव तिसरा कान असल्यासारखे ऐकत.

"योजनेत देलेलं सरकारी डुक्कर परत तं नाही नेत वं?"

"नाही नेत. मीही भेलीच होती. तपासाले आलेल्या साहेबानं डुकराच्या कोठ्याची भिंत मोजली, फाटक हलवून पाहिलं."

"अन् खाणं?"

"कोंडा-ढेप शिजवून देतो म्हटलं, तं त्यानं टोपल्यात हात घालून वास घेतला. डुकराच्या पाठीवर हात फिरवला. म्हणे, पोटच्या पोरावानी जपा."

"भला दिसते साहेब."

"लय भला. उन्हातून आला म्हणून म्या घासलेल्या गिलासात पाणी आणलं. म्हणे, तहान नाही. अन् जीपीतल्या सुरईतून तिथंच दोन गिलास गटकावले."

"मंग तुह्या पाण्याचं काय केलं?"

"डुकराले पाजलं. त्याच्या विलायती जातीचा तं सरकारी कागद आहे. तरी बिचाऱ्यानं तोंड नाही फिरवलं."

दोघी हसल्या. हसताहसता गोदूबाईला ठसका लागला. ती मागे वळली.

"दादाजी, वरून ओंजळीत घोटभर पाणी टाकता काय?"

बाबनरावांनी हातातल्या तांब्याचं फिरकीचं झाकण घट्ट केलं.

"रिकामा आहे," ते म्हणाले. आत पाणी डुचमळलं.