तोंडावर अडलेली पेनल्टी

तुम्ही विचारता ना, दाराची बेल वाजली तरी दचकणारी ही मुलगी क्लबची गोलकीपर झालीच कशी? ऐका मग. पुण्याच्या एका क्लबची निवड चाचणी नगरला होती. शेवटी कोच सर मला म्हणाले, "एक पेनल्टी अडव, क्लबात घेतो." मारणारी होती कर्जतची सुरेखा. शिट्टी वाजली, मी दचकून डोळे मिटले आणि बॉल थेट तोंडावर आदळून बाहेर गेला.

"अडवलास. घेतलं तुला," सर म्हणाले.

नाकातून रक्त येत होतं. म्हटलं, "सर, हा मी नाही अडवला, तोंडाला लागला. अजून एक मारू द्या."

सुरेखा वैतागली. "अगं बाई, घेतलं न्हवं तुला? गप बस की."

"आणि तो गोलात गेला तर?" सरांनी विचारलं.

मी बाहीने नाक पुसलं. "तर घरी, कोल्हारची एसटी धरते, सर."

सुरेखाने जीव खाऊन मारला. शिट्टीला मी परत दचकलेच, पण डोळे उघडे ठेवले आणि उजवीकडे झेपावून बॉल छातीशी घट्ट धरला.

सुरेखा कमरेवर हात ठेवून जवळ आली. "झालं का आता समाधान, का ह्यो बी तोंडालाच लागला म्हनतीस?"