काशीआत्याचा पहिला कॉल

सकाळचे अकरा, राणीसावरगावचं बसस्टँड. फोन कंपनीने मंडप टाकून फाइव्ह-जीचं उद्घाटन ठेवलं होतं आणि मी बातमीला गेलो होतो. पहिल्या व्हिडिओ कॉलचा मान गावाने काशीआत्याला दिला. त्याच वेळी पुण्यात तिच्या भाच्याचं बारसं होतं. शेळ्या व्यायला टेकल्या म्हणून ती गेली नव्हती. पण कानात नाव सांगायचं आत्यानेच, त्यामुळे तिकडे मंडळी बाळाच्या कानाशी फोन धरून थांबली होती.

इकडे स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं.

"आवो साहेब, कवाधरनं फिरायलंय हे! तिकडं लेकरू रडायलं आसंल."

"लोड आहे, मावशी," कंपनीचा अधिकारी म्हणाला.

मी भडकलो. "मंडपात आम्ही मूठभर माणसं, बाकी शेळ्या. लोड कुणाचा?"

आत्या उठलीच. सारा गाव नेट पकडायला जातो त्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढली. तिथे जुन्याच नेटवर कॉल लागला आणि तिने "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. खाली टाळ्या पडल्या.

मागोमाग अधिकारीही वर चढला. "मावशी, जरा सरका. उद्घाटन जोरात झालं, हे वर कळवायचंय."

"या की लेकरा. हितं समद्याचंच लागतंय."

आता स्टँडवर कंपनीचा मोठा फलक आहे. त्यावर फोन धरून हसणारी आत्या आणि खाली 'वेगाचा नवा अनुभव'. तिच्या मागे टाकीचा कठडा स्पष्ट दिसतो. हा फोटो टाकीवरचा का, असं मी कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.