ताडून पाहायची वेळ

इर्मिनगार्ड : ‘जेवणाच्या घंटेआधीच जिचं मन स्वयंपाकघरात जाऊन बसतं, अशी भगिनी...’ का गं थांबलीस?

ओडा : मी कुठे थांबले, मावशी? मूळ प्रत तुम्ही वाचताय. मी नुसती तुमच्या नकलेवर बोट फिरवतेय.

इर्मिनगार्ड : ते बोटच थांबलं. पानाच्या कातड्यावर घासतं तेव्हा आवाज येतो त्याचा.

ओडा : हे वाक्य इथे नाहीये.

इर्मिनगार्ड : नसेल कसं? खालच्या ओळीत बघ.

ओडा : बघितलं. मूळ प्रतीत ‘खादाडपणा’ शब्दाने दोन ओळी सुरू होतात. पहिली लिहून तुम्ही लेखणी शाईत बुडवलीत, आणि परत बघताना नजर दुसरीवर पडली. मधलं सगळं गेलं.

इर्मिनगार्ड : सगळं म्हणजे?

ओडा : स्वयंपाकघराचा वास घेणारी, स्तोत्र म्हणताना जांभया देणारी, आणि शेजारणीच्या ताटातल्या माशावर डोळा ठेवणारी.

इर्मिनगार्ड : तिघीही गेल्या? चांगल्या होत्या गं. जेवताना हे वाचलं जायचं ना, तेव्हा साऱ्याजणी खाली बघायच्या. स्वयंपाकघरातली हाडेविग तेवढी मान वर करून माझ्या ताटाकडे बघायची.

ओडा : होतं असं, मावशी. सगळ्यांचंच होतं. माझं तर मागे अख्खं पान सुटलं होतं.

इर्मिनगार्ड : तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं?

ओडा : शेण खाल्लंस म्हणालात.

इर्मिनगार्ड : मग आता तू म्हण.

ओडा : पुढचं वाचा.

इर्मिनगार्ड : ‘खादाडपणा हा एकटा येत नाही. तो येताना आळसाचा हात धरून...’

ओडा : मावशी, पान उलटलंत ना, ती दोन उलटलीत.

इर्मिनगार्ड : चिकटली असतील. ओल आहे हवेत.

ओडा : तुमच्यासमोर गर्वाचं प्रकरण आहे. वर एवढं थोरलं तांबडं अक्षर आहे. आणि तुम्ही खादाडपणाचं वाचताय.

(इर्मिनगार्ड मूळ प्रत मिटते.)

इर्मिनगार्ड : कधीपासून ठाऊक आहे तुला?

ओडा : द्राक्षं उतरवली तेव्हापासून. तुम्ही ओळी आखायचं सोडलंत. म्हणालात, तूच आख, तुझा हात सरळ आहे. माझा हात सरळ आहे असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.

इर्मिनगार्ड : नाहीच आहे सरळ.

ओडा : तेच तर.

इर्मिनगार्ड : कडेकडेचं दिसतं गं. मधोमध धुकं. ज्या अक्षराकडे बघावं तेच नाहीसं होतं. मग मान वाकडी करून लिहायचं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. आणि हा ग्रंथ तर आपली जुनी प्रत झिजून जाईपर्यंत ऐकून ऐकून पाठच आहे. वाटलं, निभेल.

ओडा : निभत होतं. दुपारी साऱ्या आडव्या झाल्या की मी तुमच्या चुका चाकूने खरवडून नीट करत होते.

इर्मिनगार्ड : माझ्या अक्षरात?

ओडा : मला दुसरं कुठलं येतं? आईने मला या मठात आणून सोडलं तेव्हा बोटं धरून तुम्हीच गिरवून घेतलंत.

इर्मिनगार्ड : नाक पुसायलाही शिकवलं होतं. ते काही शिकली नाहीस. पूस.

ओडा : संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मठाच्या थोरल्या माई मला बोलावणार आहेत. पुढच्या ग्रंथाची कातडी लिहायला तुम्हाला द्यायची की त्या दुसऱ्या नकला करणाऱ्या वाल्बुर्गाला, ते विचारायला.

इर्मिनगार्ड : तू काय सांगणार?

ओडा : तुम्हाला द्या म्हणेन. ऐका तरी. हे पान मी काढून टाकते आणि नवं लिहिते. पुढचा ग्रंथही मीच लिहीन. तुम्ही नुसत्या खिडकीपाशी बसा.

इर्मिनगार्ड : हातात लेखणी धरून, बुजगावण्यासारखी?

ओडा : हो.

इर्मिनगार्ड : सद्गुणांच्या ग्रंथात ही लबाडी. त्या ऱ्हाइन नदीपलीकडच्या साधूंनी स्वतःची प्रत विश्वासाने दिली आणि तू बघ.

ओडा : मला वाल्बुर्गाबरोबर ताडून बघायचं नाहीये.

इर्मिनगार्ड : चांगली वाचते ती. खोकते जरा.

ओडा : ती नुसतंच वाचते. मावशी, एरवी सगळा दिवस मौनाचा, खुणांचा. मासा हवा तर हात शेपटीसारखा हलवा, पुस्तक हवं तर तळवे उघडा. तोंड उघडायला मिळतं ते या एका कामात. जन्मात जे काही बोलले ते तुमच्याशी, या ओळींच्या मधेमधे. आई गेल्याचंही तुम्ही इथेच सांगितलंत, दानाच्या प्रकरणात थांबून. आणि मग परत त्याच ओळीपासून वाचायला लागलात.

इर्मिनगार्ड : मला दुसरं काही सुचलं नाही.

ओडा : बरं झालं नाही सुचलं ते.

इर्मिनगार्ड : मला आजारघरात धाडतील. शेकोटीपाशी बसून वाटाणे सोलायचे. तिथे बोलायला मुभा असते म्हणे.

ओडा : आजाऱ्यांना. मला नाही.

इर्मिनगार्ड : हो. तुला नाही.

ओडा : मग?

इर्मिनगार्ड : थोरल्या माईंना मीच सांगते, त्यांनी तुला बोलावायच्या आत. तुझ्या तोंडून खोटंही नको, आणि माझ्याविरुद्ध खरंही नको. तू लेखणी घे. सुटलेलं खालच्या समासात लिही, आणि वर ओळीत खूण कर. तुझ्या अक्षरात लिही.

ओडा : माझं अक्षर म्हणजे तुमचंच आहे, सांगितलं ना.

इर्मिनगार्ड : खोटं. तू घाईत असलीस की अक्षरांच्या शेपट्या लांब ओढतेस. किती वर्षं ओरडले त्यावर. आज ओढ.

ओडा : पान उघडलं की सगळ्यांना दिसेल.

इर्मिनगार्ड : दिसू दे. आपल्याच जेवणघरात वाचायचा ग्रंथ आहे, वाचणाऱ्याही आपल्याच. घे, मी सांगते. ‘जेवणाच्या घंटेआधीच जिचं मन...’

ओडा : हळू. शाई दाट झालीय.

इर्मिनगार्ड : ‘...स्वयंपाकघरात जाऊन बसतं...’ हसतेस काय?

ओडा : तुमचंच चित्र आहे हे. उपवासात हाडेविगच्या रस्स्याचा वास आला की तुमची लेखणी थांबते.

इर्मिनगार्ड : तिघीही मीच आहे त्यात. लिही गुमान.

ओडा : ...झालं. वाळतंय.

इर्मिनगार्ड : काय काय उरलं?

ओडा : खादाडपणाची शेपूट, गर्वाचं प्रकरण, आणि शेवटची प्रार्थना.

इर्मिनगार्ड : मूळ प्रत आता तू धर. तू वाच, मी ऐकते.

ओडा : आणि नकलेवर बोट कोण फिरवणार?

इर्मिनगार्ड : ते उद्या वाल्बुर्गा फिरवेल. वाच.

ओडा : ‘खादाडपणा हा एकटा येत नाही. तो येताना आळसाचा हात धरून...’

इर्मिनगार्ड : ओडा, प्रार्थनेच्या घंटेला अवकाश आहे. हळू वाच.