त्यांच्याच ताटात

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर आष्ट्याची एक सासू सुनेची व्हिसाच्या मुलाखतीसाठी तयारी करून घेत होती.

"गोरा सायब इचारंल, लग्नानंतर पंधरा दिसांत नवरा अमेरिकेला गेला. तू त्येला वळखतीस तरी का?"

"वळखते की."

"अगं, तुमी दोघं बोललासा तरी किती? घर पावण्यांनी भरल्यालं."

"बोलनं न्हाई झालं, आत्याबाई. पर त्येंच्या मागनं त्येंच्याच ताटात जेवत हुते न्हवं?"

"मग?"

"कडीपत्ता कडंला सारत्यात. भाकरीचा पापुद्रा आदी खात्यात. कसल्या इचारात असले, की भात तसाच ऱ्हातोय."

"आनि माजी कारळ्याची चटणी? लय जीव हाय त्याचा. व्हिसा मिळाला की डबा भरून देनार हाय तुज्यासंगं."

सून पिशवीचे बंद आवळू लागली.

"बोल की गं."

"ती भाकरीच्या तुकड्याखाली दडवत्यात. तुमाला वाईट वाटंल म्हनून. मग मीच खायची."

"ल्हानपनापासनं वाढतेय गं मी त्याला."

"व्हय, आत्याबाई."

सासूबाई म्हणाल्या,

"सायबानं मला काय इचारलं न्हाई, म्हंजी मिळवली."